दिवा वाढव

१

भागोजी नाखव्याच्या घरी दिवेलागणीला दोन दिवे लागायचे. एक देवापुढे. दुसरा मागच्या ओट्यावर. दुसरा म्हणजे तीन सेलची जुनी स्टीलची बॅटरी. भागोजी ती घेऊन ओट्याच्या कडेला उभा राहायचा आणि समुद्राकडे उजेड मारायचा. थांबायचा, पुन्हा मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा, मग आत येऊन मुकाट्याने जेवायला बसायचा. धाकटा जीवन होडी घेऊन गेला तो परत आला नाही, तेव्हापासूनचा हा नेम. गणपतीत चुकला नाही, शिमग्यात चुकला नाही, वादळाने घराची कौलं उडवून नेली त्या संध्याकाळीसुद्धा चुकला नाही.

थोरल्या सदाला या नेमाची चीड होती. साधीसुधी नव्हे, बॅटरीचा खटका ऐकला की अंगाचा तिळपापड व्हायचा. जीवन लाडका होता. पाणी खवळलंय, जाऊ नको, असं अख्ख्या कोळीवाड्याने सांगितलं तरी गेला, स्वतःच्या मस्तीत गेला. मागे राहिलेल्या सदाने घर सावरलं, कौलांच्या जागी पत्रे चढवले, न्हावा-शेव्याला ट्रेलर चालवून पाठ मोडून घेतली. आणि बाप त्याला हाक काय मारायचा? "जीवन." जीवन, पाणी दे. जीवन, दार लोट. सुरुवातीला सदा सुधारायचा, "बाबा, मी सदा." पुढे सुधारायचंही सोडलं. मेलेल्या भावाच्या नावाला ओ देता देता त्याच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले. आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

श्रावणात म्हाताऱ्याचं उजवं अंग गेलं. उजवा हात छातीशी आखडून बसला, जीभ जड झाली. सदा रजा टाकून बायकोला, सुचिताला, घेऊन पनवेलहून गावी आला. खाट मागच्या खोलीत घातली, ओट्याच्या दाराशेजारी. तोंडातले शब्द सगळे गेले होते, फक्त दोन उरले होते, आणि तेही तिन्हीसांजा होऊन दिवे लागले की बाहेर पडायचे.

"दि...वा. वा...ढव."

पहिल्यांदा सुचिताला कळलं. तिने खुंटीवरची बॅटरी काढली आणि ओट्यावर जाऊन सासऱ्याच्या वतीने उजेड मारला. बल्बचा जीवच राहिला नव्हता. पिवळट उजेड कुंपणापर्यंत जेमतेम पोचला. तसं ते नवं नव्हतं. गेलं वर्षभर भागोजी सेल बदलू देत नव्हता, आणि शेवटी शेवटी तर काचेवर अर्धा पंजा धरूनच उजेड मारायचा. म्हातारचळ, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"वा...ढव," खाटेवरून पुन्हा आलं.

"ऐकलंस?" सदा कडाडला. "एवढा उजेड पुरत नाही! लाडक्याला तिकडे दिसत नसेल ना! वाढवतो, बाबा, वाढवतो. एकदाचा असा वाढवतो की मुरुडपर्यंत दिसेल."

म्हाताऱ्याने मान भिंतीकडे वळवली. सदाला वाटलं, रुसला.

२

म्हसळ्याला रतनचं इलेक्ट्रिकचं दुकान. रतन शाळेपासूनचा मित्र, म्हणजे शिव्या द्यायला हक्काचा माणूस. सदाने बॅटरी काउंटरवर आपटली.

"ही उघड, आणि आत असा काहीतरी बसव की सूर्य उगवला पाहिजे."

"नवी बॅटरी घे ना रे. मैलभर उजेडाच्या ढिगाने आल्यात."

"नवी चालत नाही म्हाताऱ्याला. हीच पाहिजे. त्याच्या जीवनने आणली होती ना ही!"

रतनने पुढची काच फिरवून काढली, बल्ब बाहेर घेतला, डोळ्यासमोर धरला. मग खणातून एलईडीचे तुकडे काढून ओळीने मांडले. बुड सगळ्यांचं जुन्या बल्बसारखंच, कॉलरवालं, वर काचेऐवजी पिवळी टिकली.

"हे बघ. याला म्हणायचं मॉड्यूल. बल्ब काढायचा, हे टाकायचं. पण आंधळेपणाने नाही घ्यायचं. तुझी बॅटरी तीन सेलची. हा तुकडा दोन सेलचा, तुझ्यात घातलास तर भाजून मरेल. हा सहा सेलचा, तुझ्यात नुसता काजवा होईल. हा कमीजास्त सगळं खातो, हा घे. सेल उलटे घालू नको, जुन्या बल्बला चालायचं, याला चालत नाही. आता बोल, पिवळा की पांढरा?"

"लांब जाईल तो."

"लांब पांढरा गेल्यासारखा वाटतो. पण समुद्राची दमट हवा, पांढरा आपल्याच डोळ्यावर येतो. मी म्हणेन पिवळा घे, म्हाताऱ्यालाही ओळखीचा वाटेल."

"तुला विचारलं का म्हाताऱ्याला काय वाटेल? वाढव म्हणतो तो, वाढव! पांढरा दे."

"बरं बाबा, पांढरा. चिडतोस काय?" रतनने मॉड्यूल आत बसवलं, काच लावली. "एक सांगून ठेवतो. ही चकचकीत वाटी जुन्या बल्बसाठी केलेली. त्याची तार जिथं जळायची, बरोबर त्याच उंचीवर ही टिकली आली पाहिजे. थोडी पुढेमागे झाली की उजेडाच्या मधोमध काळा ठिपका पडतो. पडला तर घाबरू नको, घेऊन ये."

"मी घाबरणार? टिकलीला?" सदा हसला. जुना बल्ब त्याने दुकानासमोरच्या गटारात भिरकावला. रतन "अरे, अरे, राहू दे" म्हणेपर्यंत तो गेलाही होता.

३

त्या संध्याकाळी सदाने ओट्यावर जाऊन खटका ओढला आणि स्वतःच चमकला. कुंपण, कुंपणापलीकडे बोंबील वाळत घालायच्या काठ्या, त्यापलीकडची वाळू, थेट ओहोटीच्या पाण्यापर्यंत पांढरा झोत गेला.

"बघा, बाबा! वाढवला! झालं समाधान?"

आणि मग त्याला ते दिसलं. झोत जिथं पाण्याला भिडत होता तिथं उजेडाच्या मधोमध काळं होतं.

ठिपका! रतनने सांगितलेला. सदाला हसू आलं आणि त्या पाठोपाठ राग आला. पहिल्याच दिवशी खोट! त्याने बॅटरी हलवली, काच घट्ट केली, तळहातावर ठोकली. काळं गेलं नाही. तिथं वाळू दिसत नव्हती, फेस दिसत नव्हता. बाजूला लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या आणि मधे तेवढ्यापुरतं काहीच नव्हतं.

आतून म्हातारा ओरडला. ओरडला म्हणजे कण्हला, पण सदाने आजवर ऐकला नव्हता इतक्या जोराने.

"वाढव! वा...ढव!"

"अजून?" सदा दारात आला. "अहो, दर्यापर्यंत गेला उजेड! अजून किती? दर्याच्या बुडापर्यंत पाहिजे काय?"

म्हाताऱ्याची मान डावीउजवी, डावीउजवी होत होती. डोळे दारातून बाहेर, सदाच्या खांद्यावरून पलीकडे. सदाने विचारलं असतं तर त्याला कळलं असतं. पण रागावलेला माणूस विचारतो तेव्हा त्याला उत्तर नकोच असतं. त्याने दार लोटून घेतलं.

४

दुसऱ्या दिवशी सदाने डोकं थंड ठेवून तपासणी करायची ठरवली. खोलीत खिडकीला चादर लावून अंधार केला आणि खाटेमागच्या भिंतीवर झोत टाकला. नुकताच चुना मारलेली भिंत. गोल स्वच्छ पडला. काठापासून काठापर्यंत पांढरा, मधे तिळाएवढाही डाग नाही. पुन्हा टाकला, जवळून टाकला, लांबून टाकला. भिंतीवर सगळं ठीक.

संध्याकाळी ओट्यावर सुचिता बरोबर आली. झोत वाळूवर पडला आणि मधे काळं उभं राहिलं.

"दिसतंय?" सदाने विचारलं.

"दिसतंय की. भोक पडलंय उजेडाला." ती डोळे बारीक करून बघत राहिली. "काल तुम्ही म्हणालात पाण्यापाशी होतं. आज पाण्याच्या बरंच अलीकडे आहे."

"ठिपका बॅटरीत असतो, सुचिता. पाण्यात नाही. बॅटरी जिकडे वळेल तिकडे ठिपका जाणार, साधी गोष्ट आहे. हे बघ."

त्याने झोत हळूहळू डावीकडे, सुरूच्या झाडांकडे नेला. झाडांवर गोल पडला, अख्खा, स्वच्छ. काळं त्याच्याबरोबर गेलं नव्हतं. झोत परत आणला. वाळूवर, होतं तिथंच, ते होतं.

मागून म्हाताऱ्याचं सुरू झालं, "वाढव, वाढव," रडल्यासारखं. सदाच्या मानेवर काटा आला होता, आणि काटा आला म्हणून तो आणखी भडकला. मॉड्यूल फालतू. रतनने गळ्यात मारलं. लांबवर टाकला की फाटतो उजेड, भिंतीवर जवळून कळत नाही, एवढंच आहे. त्याला हे कारण मनापासून पटलं असं नाही, पण दुसरं कुठलं हाताशी नव्हतं.

सकाळी तो रतनच्या काउंटरवर पुन्हा उभा.

"मित्र म्हणून खोटा माल देतोस? शरम वाटत नाही?"

रतनने शटर अर्धं ओढून आतल्या भिंतीवर झोत टाकला, मग मागच्या गल्लीच्या टोकापर्यंत टाकला. गोल दोन्हीकडे स्वच्छ.

"कुठाय ठिपका? तूच दाखव."

"तिथं दिसतो!"

"तिथं म्हणजे?"

"घरी. समुद्राकडे."

रतनने बॅटरी काउंटरवर ठेवली. "सदा, तू झोपतोस का नीट?"

"ए, मला शहाणपणा शिकवू नको! याच्यापेक्षा जबरदस्त कुठला आहे तो काढ. आणि टिकली वरखाली करता येईल असा काढ, म्हणजे तुझी ती वाटीची भानगडच मिटेल."

तसा एक होता. दांडीवर आटे, फिरवून वरखाली करायचा, उजेड दुप्पट. मोठ्या बोटींसाठी मागून नेतात लोक. "तापतो हं," रतन म्हणाला. "तुझ्या बॅटरीला उष्णता बाहेर टाकायला जागा नाही. सारखा चालू ठेवू नको. आणि सदा, ऐक. म्हाताऱ्याला पनवेलला ने. नाहीतर हे बंद तरी कर."

"बंद करतो! आणि रात्रभर कण्हत बसला तो तर तू येतोस उशाला बसायला?"

५

नव्या मॉड्यूलने झोत असा गेला की वाळूतला खडान्‌खडा मोजून घ्यावा. सदाने दांडी फिरवून फिरवून टिकली बरोबर जागी आणली. सुरूवर टाकला, स्वच्छ. पडक्या होडीवर टाकला, स्वच्छ. मग सरळ समोर.

बोंबलाच्या काठ्यांपाशी काळं उभं होतं.

आता ते गोल नव्हतं. वर अरुंद, खाली रुंद. काठ्यांची रांग डावीकडून येऊन त्याच्यात संपत होती आणि उजवीकडून पुन्हा सुरू होत होती. उजेडाला अडवून मागे सावली पाडणारं असं ते काही दिसत नव्हतं. उजेडच तेवढ्या जागेत जात नव्हता. आणि सदाच्या आणखी एक लक्षात आलं. लाटांचा आवाज डाव्या कानाला येत होता, उजव्या कानाला येत होता. समोरून येत नव्हता.

त्याने खटका ओढून उजेड बंद केला, आत येऊन दाराला कडी घातली. मॉड्यूल इतकं तापलं होतं की बॅटरीचं डोकं हाताला सोसवेना. भागोजीने डावा, चालता हात लांबवून ती त्याच्या हातातून हिसकावायचा प्रयत्न केला. बोटं सदाच्या मनगटावर घसरली, नखं लागली.

"वाढव!"

तेव्हा सदाच्या डोक्यात उजेड पडला. किंवा त्याला वाटलं की पडला.

"येतोय, होय ना?" तो हळू म्हणाला. मग आवाज चढत गेला. "तोच येतोय! तुम्ही बोलावलंत इतकी वर्षं, तो येतोय! आणि माझ्याच हातून उजेड दाखवून घेताय त्याला! मी मेलो असतो तर लावला असता का हो एक दिवस तरी? जिवंत आहे मी, बाबा, सदा माझं नाव! एकदा घ्या ना तोंडातून! वाढव म्हणता येतं, सदा म्हणता येत नाही?"

म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा हलत राहिला. उरलेला अर्धा मख्ख.

"अहो, पुरे," सुचिता दारातून म्हणाली. "त्यांना बोलता येत नाही, त्यांच्यावर काय ओरडता? ती बॅटरी फेकून द्या एकदाची. उजेड कमीजास्त करायला माझा मोबाईलसुद्धा पुरतो, नुसतं बोट फिरवलं की झालं. त्यासाठी म्हसळ्याच्या फेऱ्या मारून भुताला आवतण द्यायला नको."

"तू मधे पडू नको. तुझा बाप नाही हा."

बोलून गेला आणि त्याला स्वतःलाच ते लागलं. सुचिता स्वयंपाकघरात निघून गेली. त्या रात्री ताट वाढलं गेलं ते शब्दाविना, आणि सकाळी चहाही शब्दाविनाच आला.

६

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा नीराबाई आली. भागोजीची चुलत बहीण, नाक्यावर मासळी घेऊन बसायची. रिकामी पाटी तिने ओट्यावर ठेवली आणि पदराने तोंड पुसत खाटेपाशी आली.

"आज लवकरशी दुकान वाढवलं. म्हटलं, भावाला बघून येवं. कसा हायस रं, भागोजी?"

सुचिता दळण आणायला गेली होती. सदाला कुणाशी तरी बोलायचंच होतं. त्याने आत्याला सगळं ओकून टाकलं. बॅटरी, रतन, दोन मॉड्यूल. काळ्याचं तेवढं सांगितलं नाही. तोंडातून निघेना.

"तुझा भाऊ मला वेडा करणार, आत्या. जेवढा उजेड वाढवावा तेवढा थोडा. रोज संध्याकाळी एकच रट, दिवा वाढव, दिवा वाढव. आणखी किती वाढवू? समुद्रात खांब रोवू?"

नीराबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"अरं मेल्या! दिवा वाढव म्हंजे काय समजलास तू?"

"काय म्हणजे? वाढव. मोठा कर."

"नारळ वाढवतोस तो काय मोठा करतोस? फोडतोस न्हवं! माझा नवरा गेला तवा माझ्या बांगड्या वाढवल्या, त्या काय लांब झाल्या? आता मी दुकान वाढवून आली म्हटलं, तं काय माडी चढवून आली? तिन्हीसांजंचं 'दिवा विझव' म्हणू न्हाय, घराला लागतं ते. वाढव म्हणायचं. तुझी आयस जन्मभर तसंच बोलली. पनवेलला जाऊन सगळं इसरलास व्हय?"

सदा उभ्याचा बसला. त्याने बापाच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"बाबा. बंद कर म्हणत होता? बंद?"

भागोजीने डोळे मिटले आणि मान खाली केली. एकदाच, नीट. डाव्या डोळ्यातून पाणी निघून कानात गेलं.

"वरीसभर बोलत व्हता मला," नीराबाई हळू आवाजात म्हणाली. "म्हणायचा, नीरा, उजेड बघून येतंय ते आपला जीवन न्हाय. मी म्हटलं, मग नको लावू. म्हणायचा, आणि जीवन असला तं?" तिने पाटी उचलली. "त्याला काय दिसलं ते मी इचारलं न्हाय. तूही इचारू नको. आज दार लाव, दिवा लावू नको. मी चालली, उजेड हाय तवर."

काचेवर धरलेला अर्धा पंजा सदाला आठवला. न बदललेले सेल आठवले. म्हातारा थोडा थोडा करून वाढवत आणत होता, आणि आपण? त्याने बॅटरी खोलली, मॉड्यूल उपटून दगडाने ठेचलं, सेल पोटमाळ्यावर फेकून दिले. राग येत होता, पण आता तो कुणावर काढायचा हे त्याला कळेना.

७

सुचिता दळण घेऊन आली. सदा दोनदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. "सुचिता, ऐक" एवढं म्हणायचं होतं. तिने पाठ फिरवून पीठ चाळायला घेतलं. बरं, नको ऐकूस, तो मनात म्हणाला. जेवताना सांगू. काय घाई आहे? कालच्या शब्दाची माफी मागितल्याशिवाय हे सांगता येणार नव्हतं, आणि माफी मागायला जीभ वळत नव्हती.

दिवेलागण झाली. सदाने ओट्याच्या दाराला कडी घातली, वर लाकडी आडणा टाकला, आणि खोलीतला दिवा न लावताच खाटेच्या कडेला बसला. भागोजी शांत होता. श्रावणापासून पहिल्यांदा या वेळेला तो कण्हत नव्हता. सदाने त्याचा आखडलेला उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

लाटांचा आवाज डावीकडून येत होता आणि उजवीकडून येत होता.

मग वीज गेली. त्यात नवल काही नव्हतं, तिथं ती रोज जाते. पंखा हळूहळू थांबला. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं आणि सुचिता "झालं!" म्हणाली.

"सदा."

हाक आली. स्वच्छ, खणखणीत. भागोजीचा आवाज, होडीतून किनाऱ्याला हाक मारायचा तेव्हाचा, तरणा. इतक्या वर्षांनी! बाबांनी नाव घेतलं! ओठ उघडले, ओ बाहेर पडणारच होती, तेवढ्यात त्याच्या तोंडावर हात पडला.

भागोजीचा डावा हात. खरखरीत, गरम, दातांवर ओठ चेपतील इतका घट्ट. म्हाताऱ्याचा फाटका श्वास सदाच्या कानापाशी चालला होता, आणि त्या श्वासात शब्द नव्हता.

"सदा," पुन्हा आलं. दारापलीकडून आलं.

सदाला ओ द्यायची होती. काय सांगू, भीती वाटत होती तरी ओ द्यायची होती! जन्मभर ज्या हाकेसाठी तो तडफडला ती हीच, याच आवाजातली. आणि ज्याने ती मारायला हवी होती तो बाप, तिला उत्तर जाऊ नये म्हणून, जिवाच्या कराराने त्याचं तोंड दाबून धरून होता. सदाचे डोळे भरून आले. त्याने तो हात काढला नाही.

"सदा." आता दाराच्या अलीकडून. कडी वाजली नव्हती, आडणा हलला नव्हता. खोलीतला ओला वारा त्याच्या घोट्यांना लागला.

"अहो!" स्वयंपाकघरातून सुचिता ओरडली. आवाजात अबोला नव्हता, आनंद होता. "अहो, मामंजी बोलायला लागले! तुमचं नाव घेतायत, ऐकू येत नाही का? ओ द्या की! थांबा, आले मी."

पावलं आली. दारात मोबाईलचा दिवा आला आणि त्याचा गोल खाटेमागच्या भिंतीवर पडला. तीच चुन्याची भिंत, जिच्यावर कधी तिळाएवढा डाग पडला नव्हता. गोलाच्या मधोमध, वर अरुंद आणि खाली रुंद, भिंत नव्हती.

सदाने बापाचा हात झटकला. तोंडात एकच शब्द होता, आणि तो बापाचा होता.

"वाढव! सुचिता, वाढव! आधी वाढव तो!"

"वाढवते हो, ओरडता कशाला," असं म्हणून सुचिताने काचेवरून बोट फिरवलं, आणि उजेड वाढला.